‘म्युकस शुक्रजंतू मारतो’ असा रिपोर्ट आलाय? आधी टेस्ट कोणत्या दिवशी झाली ते बघा

पाचोरा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. वय २८, मिस्टर ३२, लग्नाला चार वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत. पाळी ३४-३५ दिवसांनी येते. मिस्टरांचा सीमेन रिपोर्ट चांगला, काउंट ४८ मिलियन, पुढे जाणारे शुक्रजंतू ३८ टक्के. नळ्यांचा एक्सरे म्हणजे एचएसजी झालाय, दोन्ही नळ्या मोकळ्या. मग एका ठिकाणी पाळीच्या दुसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत क्लोमिफिनच्या, म्हणजे अंडं तयार होऊन सुटावं म्हणून देतात त्या गोळ्या दिल्या आणि तेराव्या दिवशी ‘रात्री संबंध ठेवा आणि सकाळी या’ असं सांगून पीसीटी केली, म्हणजे संबंधानंतर काही तासांनी गर्भाशयाच्या तोंडाच्या म्युकसमध्ये (चिकट स्रावात) शुक्रजंतू हलतात का ते बघायची टेस्ट. रिपोर्ट आला की म्युकस घट्ट, हलणारे शुक्रजंतू नाहीत, आणि सगळ्यात खाली ‘होस्टाइल सर्व्हिक्स’, म्हणजे गर्भाशयाचं तोंड शुक्रजंतूंना वैरी. आता त्या विचारतात की माझा स्राव खरंच शुक्रजंतू मारतो का, नाशिकला जाऊन लॅबमध्ये म्युकस आणि शुक्रजंतूंची वेगळी टेस्ट आणि अँटिबॉडीची टेस्ट करावी का. आणि शेवटी एक ओळ लिहिलीय, घरी सगळ्यांनी रिपोर्ट वाचला आणि आता म्हणतात दोष हिचाच आहे.

ताई, मी जळगावला लॅबमध्ये वीर्यतपासणीचं काम करते, २२ वर्षं झाली. मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, औषध लिहून देत नाही, त्यामुळे गोळ्यांबद्दल जे बोलेन ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. पण पीसीटीच्या स्लाइड मी शेकड्यांनी बघितल्यात आणि त्या कशा कशा चुकतात ते जवळून बघितलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. एका सकाळी घेतलेल्या एका थेंबावरून तुमच्या शरीराबद्दल एवढं मोठं वाक्य लिहिता येतं का, माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. आणि नाही येत.

आधी हा स्राव काय करतो ते समजून घ्या. योनीमार्गात आंबटपणा असतो, पीएच साधारण ४ च्या आसपास, तिथं शुक्रजंतू फार टिकत नाहीत, बहुतेक दोनेक तासांत मरतात आणि हे प्रत्येक बाईच्या अंगात होतं, ज्यांना चार लेकरं आहेत त्यांच्याही. जे वाचतात ते गर्भाशयाच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो त्यात शिरलेले असतात. आता हा स्राव महिनाभर सारखा नसतो. तुम्ही गिरणाकाठच्या आहात म्हणून पाटाचं उदाहरण देते. धरणातून आवर्तन सुटतं तेव्हा पाट भरून वाहतो, एरवी कोरडा असतो. आवर्तन नसताना कुणी येऊन पाट बघितला आणि लिहून गेला की या पाटाला पाणी येत नाही, तर आपण त्याला काय म्हणू? तसंच आहे हे. फॉलिकल म्हणजे अंड्याची पिशवी मोठी होत जाते तसं इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, मग स्राव पातळ, पारदर्शक, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा होतो, त्यात ९५ टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि शुक्रजंतू त्यातून सरसर जातात. हे दोन-चार दिवस चालतं. ओव्ह्युलेशन झालं म्हणजे अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन येतं आणि एक-दोन दिवसांत तोच स्राव पुन्हा घट्ट, दार बंद. महिन्यातले बाकीचे सगळे दिवस कुठल्याही निरोगी बाईचा म्युकस ‘होस्टाइल’च असतो, निसर्गानं तो तसाच केलाय, जंतुसंसर्ग वर जाऊ नये म्हणून.

आता तुमचा तेरावा दिवस घ्या. ३५ दिवसांची पाळी असेल तर ओव्ह्युलेशन पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे एकविसाव्या दिवसाच्या आसपास. त्या हिशोबानं तेराव्या दिवशी म्युकस घट्टच असणार. पण तुम्ही क्लोमिफिन घेतली होती, आणि त्या गोळीनं ओव्ह्युलेशन अलीकडे येऊ शकतं, शेवटच्या गोळीनंतर साधारण ५ ते १० दिवसांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत अकरा ते सोळा यातल्या कुठल्याही दिवशी. त्यामुळे तीन गोष्टी शक्य आहेत. एक, गोळीचा परिणाम झालाच नाही आणि टेस्ट आठवडाभर लवकर झाली. दोन, ओव्ह्युलेशन अकराव्या-बाराव्या दिवशीच होऊन गेलं आणि टेस्ट उशिरा झाली. तीन, दिवस बरोबर होता पण गोळीनंच स्राव कोरडा केला, कारण क्लोमिफिन इस्ट्रोजेनच्या विरुद्ध काम करते आणि काही बायकांमध्ये म्युकस कमी आणि घट्ट होतो, हे जुनं माहीत असलेलं आहे. या तिन्हींपैकी काय झालं ते तुमच्या रिपोर्टवरून सांगताच येत नाही कारण त्या दिवशीची सोनोग्राफीच नाही. फॉलिकल किती एमएमचा होता ते लिहिलेलं नसेल तर पीसीटीचा रिपोर्ट म्हणजे तारीख नसलेला सातबारा आहे, माझ्या लेखी त्याला वजन नाही. फॉलिकल १८ एमएमच्या आसपास असेल किंवा लघवीतली एलएच स्ट्रिप (अंडं सुटायच्या आधी वाढणारं हार्मोन दाखवणारी पट्टी) नुकतीच पॉझिटिव्ह झाली असेल तेव्हा केलेली टेस्ट बघण्यासारखी.

दिवस बरोबर असला तरी अजून बऱ्याच जागी घसरायला होतं. पद्धत अशी आहे की दोन दिवस संबंध नाही, मग एका रात्री, आणि त्यानंतर ९ ते १४ तासांत तपासणी. वाचायला सोपं आहे. पण आपल्याकडे कसं असतं, दोन खोल्यांचं घर, सासूसासरे, दीर, जाऊ, पाहुणे आलेले, आणि डॉक्टरांनी सांगितलेली ती एकच रात्र. मिस्टर शेतातून लाइटच्या पाळीनं मोटर चालू करून रात्री एक वाजता येतात. मग सकाळी सहाला उठून पाचोऱ्याहून पॅसेंजर पकडायची, दवाखान्यात नंबर लावायचा, आणि नंबर येतो दुपारी दोनला. मी माझ्या टेबलावर विचारायला लागले की नक्की किती वाजता, तर निम्म्या बायका खाली बघायच्या, आणि कितीतरी जणींनी हळूच सांगितलंय की मॅडम काल जमलंच नाही, पण घरच्यांनी गाडीत बसवून पाठवलं म्हणून आले. आता अशा बाईच्या स्लाइडवर शुक्रजंतू कुठून दिसणार? मी विचारलं नसतं तर रिपोर्टवर शून्य गेलं असतं आणि ते शून्य तिच्या नावावर लागलं असतं.

दुसरी चूक नमुना कुठून घेतला याची. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवायचं साधन) लावून आधी बाहेरचा स्राव पुसायचा आणि बिनसुईच्या छोट्या सिरिंजनं आतल्या नळीतून म्युकस ओढायचा, असं अपेक्षित आहे. घाईत योनीतलाच स्राव उचलला तर त्यात सगळे मेलेलेच शुक्रजंतू दिसतील, वर सांगितलं तसं ते तिथं मरतातच. स्लाइडवर योनीच्या त्वचेच्या मोठ्या मोठ्या पेशी पसरलेल्या दिसल्या की मला कळतं नमुना कुठला आहे, मग मी फोन करून सांगते की परत घ्या. पण सगळीकडे कुणी फोन करत बसत नाही.

आणि तिसरं, किती दिसले म्हणजे चांगलं यावर कधीच एकमत झालं नाही. कुणी म्हणायचं मायक्रोस्कोपच्या एका फिल्डमध्ये (एका वेळी दिसतो तेवढ्या भागात) एक हलणारा पुरे, कुणी पाच, कुणी दहा, कुणी वीस. म्हणजे एकच स्लाइड जळगावात पास आणि धुळ्यात नापास होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या लॅब मॅन्युअलमध्ये भूमिका साधी होती, आतल्या म्युकसमध्ये ९ ते १४ तासांनी पुढे सरकणारे शुक्रजंतू दिसले, कितीही असोत, तर तिथं मोठी अडचण नाही असं धरायचं. म्हणजे ही टेस्ट चांगली आली तर काहीतरी सांगते. वाईट आली तर फारच कमी सांगते.

म्युकस स्वतः कसा आहे याला पण मार्क द्यायची पद्धत आहे, किती आहे, किती पातळ आहे, किती ताणला जातो, वाळल्यावर नेच्याच्या पानासारखी नक्षी पडते का, आणि पेशी किती, अशा पाच गोष्टी, प्रत्येकी ० ते ३, एकूण १५. दहाच्या वर म्हणजे चांगला. स्लाइडवरून उचलून ९ सेंटिमीटर किंवा जास्त धागा निघाला तर पूर्ण तीन मार्क. तुमच्या रिपोर्टवर हे मार्क आहेत का बघा. नसतील, फक्त ‘घट्ट’ लिहिलं असेल, तर कुणाच्या तरी नजरेचा अंदाज आहे तो.

‘होस्टाइल’ या शब्दाबद्दल मला बोलायचंच आहे. ही टेस्ट फार जुनी, सिम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १८६६ मध्ये लिहिलेली, मग १९१३ मध्ये हुनर यांनी नीट बसवली, म्हणून जुन्या पुस्तकांत सिम्स-हुनर टेस्ट म्हणतात. हा ‘होस्टाइल’ म्हणजे वैरी, शत्रू, असा शब्द पण तसाच जुन्या काळापासून चालत आलाय. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी पण तो टाइप करायचे कारण फॉरमॅटमध्येच होता. मग एकदा अमळनेरकडची एक मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची, रिपोर्ट घेऊन परत आली, सोबत कुणी नव्हतं, आणि अहिराणीत विचारते, ‘ताई, मनी काय चूक शे?’ तिच्या नवऱ्याच्या भावानं तो शब्द मोबाइलवर शोधून घरात मराठीत वाचून दाखवला होता. मी त्या दिवसापासून तो शब्द लिहिला नाही. आता मी लिहिते, पाळीचा कितवा दिवस, फॉलिकल किती, किती तासांनी, म्युकसचे मार्क किती, फिल्डमध्ये किती हलताना दिसले. बस. तिला पुढं दीड वर्षानं मुलगी झाली, ते माझ्या टेस्टमुळे नाही, पण शब्द माझ्या हातून गेला होता हे मला अजून लागतं.

आता तुम्ही नाशिकच्या टेस्टचं विचारलं त्याकडे येते. लॅबमध्ये म्युकस आणि वीर्य शरीराबाहेर एकत्र आणून बघायच्या दोन मुख्य पद्धती. एक स्लाइडची. म्युकसचा थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, आणि बाजूला वीर्याचा थेंब सोडायचा, तो आपोआप कव्हरस्लिपखाली ओढला जाऊन म्युकसला चिकटतो. मग ओलसर डब्यात ३७ डिग्रीला अर्धा तास. चांगला म्युकस असेल तर सीमेवर बोटांसारखे आकार तयार होतात, वीर्याची बोटं म्युकसमध्ये घुसल्यासारखी, आणि त्या बोटांच्या टोकातून एकेक शुक्रजंतू सुटून सरळ रेषेत आत जातो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नव्हते. बिघाड असेल तर ते सीमेवरच गर्दी करून थांबतात, किंवा आत जातात पण अर्धा मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत, किंवा एकाच जागी थरथरत राहतात.

दुसरी क्रेमर यांची काचनळीची टेस्ट, १९६० च्या दशकातली. चपटी काचेची नळी, ५ सेंटिमीटर लांब, त्यात म्युकस बुडबुडा न येता ओढायचा, एक टोक प्लास्टिसिनच्या मातीनं बंद आणि दुसरं टोक वीर्यात बुडवून ठेवायचं. ३७ डिग्रीला ठेवून दोन तासांनी बघायचं की सगळ्यात पुढचा गडी कुठवर पोहोचला, १ सेंटिमीटरवर किती आहेत, साडेचारवर किती. शुक्रजंतू सगळा मिळून मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, तो दोन तासांत ४-५ सेंटिमीटर जातो म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळपास हजारपट. बुडबुडा राहिला तर तो तिथंच अडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं म्युकस खराब, त्यामुळे नळी भरणाऱ्याचा हात महत्त्वाचा.

पण या टेस्टचा खरा उपयोग अदलाबदल केल्यावर होतो. म्हणजे तुमचा म्युकस आणि मिस्टरांचे शुक्रजंतू, हे एक. तुमचा म्युकस आणि दुसऱ्या कुणाचे चांगले शुक्रजंतू. मिस्टरांचे शुक्रजंतू आणि दुसऱ्या बाईचा चांगला म्युकस. तेव्हा कळतं अडचण कुठल्या बाजूला आहे. पत्नीचा म्युकस नापास म्हणून आलेल्या जोडप्यांत मी स्वतः बघितलंय की नवऱ्याचे शुक्रजंतू कुठल्याच म्युकसमधून जात नव्हते, काउंट चांगला असूनही. नुसती पीसीटी केली असती तर नाव बायकोचंच आलं असतं. आता या अदलाबदलीला दान केलेला ताजा म्युकस आणि तपासलेलं दात्याचं वीर्य लागतं, आणि आपल्या भागात ते कुणाकडे ठेवलेलं नसतं. दात्याच्या म्युकसऐवजी गायीचा म्युकस किंवा हायलुरोनेटचं द्रावण वापरायच्या पद्धती आल्या, त्यातून फक्त पुरुषाची बाजू कळते. त्यामुळे तुम्हाला कुणी ‘म्युकस पेनिट्रेशन टेस्ट करतो’ म्हटलं तर एवढंच विचारा, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा चांगला नमुना, कशाचा लावणार? उत्तर नीट आलं नाही तर पैसे घालू नका.

आणि आपल्याकडचं ऊन. हे पुस्तकात नाही, म्हणून सांगते. वीर्याचा नमुना तासाभराच्या आत आणि २० ते ३७ डिग्रीच्या मधे ठेवून आणायचा. मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ ला जातो, गाडीच्या डिक्कीत काय होत असेल विचार करा. यावलहून एकजण डिक्कीत नमुना घेऊन आले होते, एकही शुक्रजंतू हलत नव्हता, त्याआधी त्यांना कुणीतरी सांगूनही टाकलं होतं की तुमचे सगळे मेलेले आहेत. इथंच खोलीत परत नमुना घेतला, निम्मे हलत होते. म्युकसचं उलट, तो दूर न्यायचा असेल तर फ्रिजच्या थंडाव्यात ठेवायचा, ४ डिग्रीला, आणि दोन दिवसांत वापरायचा, फक्त गोठवायचा नाही. एकदा एका दवाखान्याच्या मुलानं दोन्ही डब्या बर्फात घालून आणल्या, म्युकस चांगला राहिला आणि वीर्य वाया गेलं. जानेवारीत पण शर्टाच्या आत, अंगाला लावून आणा म्हणते मी.

अँटिबॉडीचं बोलू. काही जणांच्या शुक्रजंतूंवर अँटिबॉडी चिकटलेल्या असतात, त्या म्युकसच्या धाग्यांना पण धरून बसतात, मग शुक्रजंतू जिवंत असतो, शेपूट हलवतो, पण जागचा हलत नाही. हीच ती थरथर. पण तुमच्या रिपोर्टमध्ये थरथर लिहिलेलीच नाही, ‘हलणारे नाहीत’ एवढंच आहे, त्यामुळे त्यावरून अँटिबॉडीवर उडी मारायला आधार नाही. शंका असेल तर सुरुवात मिस्टरांच्या वीर्यावर एमएआर (मार) टेस्टनं करतात, त्यात अँटिबॉडी असलेल्या शुक्रजंतूंना बारीक मणी चिकटतात, साधी आणि लवकर होणारी आहे, अर्ध्याहून जास्त शुक्रजंतूंना मणी चिकटले तर त्याला अर्थ. ती पण कुणाला, ज्यांच्या रिपोर्टमध्ये शुक्रजंतू एकमेकांना चिकटलेले दिसतात, नसबंदी उघडायचं ऑपरेशन झालंय, किंवा अंडकोषाला मोठी इजा झालीय, अशांना. बायकोच्या रक्तातल्या अँटिबॉडीच्या महागड्या पॅनेलनं तुमचा रस्ता बदलणार नाही. आणि अँटिबॉडी आल्या म्हणून कुणी स्टेरॉइड सुरू केले तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, त्याचे दुष्परिणाम ठरलेले आहेत, फायदा ठरलेला नाही.

आता तुम्ही विचाराल की पीसीटी एवढी चांगली टेस्ट होती तर बंद का पडली. २०-२२ वर्षांपूर्वी आमच्याकडे महिन्याला आठ-दहा यायच्या, आता वर्षात एखादी. कारण असं की हॉलंडमध्ये ४४४ जोडप्यांवर एक अभ्यास झाला, १९९८ मध्ये छापला. निम्म्यांना पीसीटी केली, निम्म्यांना नाही. ज्यांची केली त्यांच्या टेस्ट आणि उपचार दोन्ही वाढले, पण दोन वर्षांनी दिवस राहिलेल्यांचं प्रमाण एका गटात ४९ टक्के आणि दुसऱ्यात ४८. म्हणजे खर्च वाढला, धावपळ वाढली, पाळणा तेवढाच हलला. नंतर ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २००४ मध्ये सांगितलं की सरसकट पीसीटी करू नका, आणि युरोपच्या एश्रे संस्थेनं २०२३ मध्ये, कारण न सापडलेल्या वंध्यत्वात ही टेस्ट नको असंच म्हटलं. याचं मूळ साधं आहे. पीसीटी खराब आली तर करतात काय, आययूआय. चांगली आली आणि तरी दिवस राहिले नाहीत तर करतात काय, तेच आययूआय. आययूआयमध्ये धुतलेले शुक्रजंतू बारीक नळीनं थेट गर्भाशयात सोडतात, म्युकसचं दार ओलांडून पलीकडे. मग दार कसं होतं हे कळून उपयोग कितीसा?

एक जागा मात्र आहे जिथं या टेस्टनं मला खरंच काही दाखवलंय. चोपड्याकडचं एक जोडपं, दोन वर्षं सगळे रिपोर्ट नॉर्मल. पीसीटीत म्युकस सुंदर, पण शुक्रजंतू शून्य, मेलेला सुद्धा एक नाही, आतही नाही आणि बाहेरच्या स्रावातही नाही. तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि त्यांनी दोघांना वेगवेगळं, शांतपणे विचारलं, तर कळलं की संबंध नीट होतच नव्हते, तिला त्रास व्हायचा, तो घाबरून थांबायचा, आणि दोन वर्षं दोघांनी लाजेपोटी कुणालाच सांगितलं नव्हतं. अशी अडचण खूप घरांत आहे, आपण समजतो त्याहून जास्त. पुरुषाचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं, असंही एखाद्याचं असतं, विशेषतः शुगर असेल तर. पण हे सुद्धा नीट विचारलं तर बोलण्यातून कळतं, त्यासाठी बाईला टेबलावर घ्यायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘हलणारे नाहीत’ आहे की ‘अजिबात नाहीत’, एवढं मात्र परत वाचा, कारण दोन्हीचा अर्थ वेगळा.

इथवर जे सांगितलं ते दोन ओळींत म्हणजे, तुमच्या रिपोर्टवरून स्राव खराब आहे हे सिद्ध होत नाही कारण दिवस आणि गोळी दोन्ही शंकेचे आहेत, आणि समजा खराब असला तरी त्यावरचा उपाय तोच आहे जो तुम्हाला चार वर्षांनंतर तसाही सुचवला जाईल. म्हणून नाशिकच्या फेऱ्या आणि अँटिबॉडीचं पॅनेल, दोन्ही मी केलं नसतं.

मग काय केलं असतं? तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी आधी ३५ दिवसांच्या पाळीकडे बघितलं असतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), आणि सोनोग्राफीत अंडाशय पीसीओएससारखं, म्हणजे बऱ्याच लहान लहान फॉलिकल असलेलं दिसतंय का, हे झालंय का तुमचं? प्रश्नात कुठंच नाही. अंडं वेळेवर सुटतंय की नाही हे म्युकसपेक्षा कितीतरी मोठं आहे. गोळी लागलीच तर लेट्रोझोल चालेल का ते डॉक्टरांना विचारा, तिचा म्युकसवर क्लोमिफिनसारखा परिणाम सहसा होत नाही. मिस्टरांचा सीमेन रिपोर्ट एकदाच झाला असेल तर दोन-तीन महिन्यांनी परत करा, २ ते ७ दिवस संबंध न ठेवता, आणि शक्यतो लॅबमध्येच नमुना देऊन. केळी-कपाशीवर फवारणी ते स्वतः करत असतील तर तोंड-हात झाकून करा म्हणावं, हे मी प्रत्येकाला सांगते. फॉलिकल बघून दोन-तीन महिने एक दिवसाआड संबंध, एकाच रात्रीचं दडपण नको. लाळ किंवा बाजारातली साधी जेली वापरू नका, त्यानं शुक्रजंतू मंदावतात, आणि आतून धुणं तर अजिबात नको. संबंधानंतर बाहेर येतं म्हणून घाबरू नका, बऱ्याच जणी तेच विचारतात, जे शुक्रजंतू म्युकसमध्ये शिरायचे ते काही मिनिटांतच शिरलेले असतात.

एवढं करून नाही झालं तर चार वर्षं आणि मोकळ्या नळ्या यावर गोळ्यांसोबत आययूआयचे तीन-चार प्रयत्न हा सरळ रस्ता आहे. किती आणि कधी हे तुमच्या अंडाशयाच्या साठ्यावर, धुतल्यावर किती शुक्रजंतू हातात येतात त्यावर आणि खिशावर पण अवलंबून आहे, ते दुरून मी ठरवू शकत नाही. वय २८ आहे, हातात वेळ आहे, घाईघाईनं टेस्ट ट्यूब बेबीकडे कुणी ढकलत असेल तर थांबून विचारा का. आणि दवाखाना २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या) कायद्याखाली रजिस्टर आहे का तेवढं बघा, आययूआय करायला पण ते लागतं.

राहिला घरचा प्रश्न. हा मला सगळ्यात जड वाटतो. ताई, तो रिपोर्ट दोघांची एकत्र टेस्ट आहे, त्यात तुमचा स्राव आहे, मिस्टरांचे शुक्रजंतू आहेत, रात्रीची वेळ आहे, नमुना घेणाऱ्याचा हात आहे. त्यातून एकट्या बाईचा दोष निघतच नाही, कुठल्याही लॅबमध्ये निघत नाही. हे तुम्ही सासूबाईंना सांगून उपयोग नसतो, मला माहितीये, तुम्ही सांगितलं की ती सबब वाटते. हे मिस्टरांनी सांगायला पाहिजे, आणि त्यांना ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. म्हणून पुढच्या वेळी दोघंच जा, जाऊ किंवा नणंद सोबत नको. जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर, गोळ्यांची चिठ्ठी, एचएसजीची फिल्म आणि हा पीसीटीचा रिपोर्ट बरोबर न्या, आणि रिपोर्टवर तुमच्या हातानं लिहून ठेवा, तेरावा दिवस, क्लोमिफिन चालू होती, सोनोग्राफी झाली नव्हती.